उजवी पाकळी

शनिवार, रात्री

दुपारी साडेतीनला गेलेली लाईट सातला आली. फोंड्यात श्रावणात एवढं चालायचंच. लाईट आल्याबरोबर बायने लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि म्हणाली, "आई, तू हे बघच." मागच्या खेपेला असंच "बघच" म्हणत तिने भुतांची एक मालिका दाखवली होती. त्यानंतर आठवडाभर रात्री मागच्या पडवीत जाताना मी तिलाच सोबत न्यायचे. पण ही म्हणे प्रेमकथा आहे. माणसाची आणि देवीची.

'आह! माय गॉडेस', जपानी ॲनिमे, 2005 सालची. नायक केइची इंजिनीअरिंगच्या कॉलेजात शिकतो. (बाय फर्मागुडीला शिकते, त्यामुळे हॉस्टेलमधल्या सगळ्या प्रसंगांना तिची "अगदी अस्संच!" अशी साथ.) एक दिवस फोन लावताना त्याचा नंबर चुकतो आणि तो लागतो थेट स्वर्गातल्या देवींच्या मदतकक्षाला. पुढच्या क्षणी आरशातून बेलडँडी नावाची देवी बाहेर येते. एक वर माग, म्हणते. याला वाटतं, हॉस्टेलवाल्यांनीच आपली थट्टा चालवली आहे. म्हणून हाही गमतीत बोलून जातो की, तुझ्यासारखी देवी कायम माझ्याजवळ असावी. वर मंजूर! आणि पोरांच्या हॉस्टेलात बाई आली म्हणून त्याच रात्री दोघांना बाहेर काढतात.

मांय (माझ्या सासूबाई) जप आटोपून येऊन बसल्या तोवर दोघांनी एका बौद्ध मंदिरात बस्तान मांडलं होतं. तिथला भिक्षू बेलडँडीने इतका भारावतो की मंदिर यांच्या हवाली करून स्वतः भारतात निघून जातो. यावर मी इतकी हसले की मांयना राग आला. त्यांचं सगळं लक्ष भलतीकडेच. बेलडँडी सकाळी उठून स्वयंपाक करते, झाडते, डबा भरते. मांयनी चष्मा पुसून परत लावला. "ती देवी न्हय गो? मागीर रांदता कित्याक?"

बायकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

रविवार

आज आयतार, श्रावणातल्या रविवारची पूजा. पत्री गोळा करायला मागच्या बाजूला गेले तर पायात जळवा. यंदा पत्रीत आघाडा आहे, माका आहे, पण मांयना हवं ते एक पान मिळालंच नाही. पूजा झाली. दुपारी चुली शांत झाल्यावर पुढचे तीन भाग बघितले.

आता डोक्यात बसलंय ते त्या पोराचं वाक्य. "तुझ्यासारखी." तो "तूच" म्हणाला नव्हता. वरच्या ऑफिसाने मात्र अर्थ लावला तो "तूच" असा. तिथे देवींना दर्जा आहे, परवाना आहे, यग्द्रासिल नावाचा एक महाप्रचंड संगणक आहे. त्यात एकदा नोंद झाली की दोघांना वेगळं करू पाहणारं काहीही आपोआप हाणून पाडलं जातं. प्रेमाची हमी सरकारी यंत्रणेने घेतल्यासारखं.

आमच्याकडे असं कुणी बोललं असतं तर गावकऱ्यांनी कपाळाला हात लावला असता. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं म्हणजे वकिलाने दस्त लिहावा तसं. कुणाचा, कुठला, कुठल्या कुळाचा, काय हवं, किती मुदतीत, झालं तर काय देणार, चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल. एक फट ठेवायची नाही. माझे आजोबा डिचोलीकडच्या आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचे. म्हशीचं गाऱ्हाणं असलं तरी कुठली म्हैस ते शिंगांच्या वळणासकट सांगायचे. उद्या देवीने शेजाऱ्याची बरी केली तर?

पुरूरव्यालासुद्धा एवढी अक्कल होती. म्हणजे त्याला नव्हती, उर्वशीला होती. अकरावीच्या वर्गाला ती गोष्ट मी दरवर्षी सांगते. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातलं 95वं सूक्त म्हणजे या दोघांचा संवाद, आणि तोही तिने निघून गेल्यानंतरचा. तो परत चल म्हणतो, ती नाही म्हणते. शतपथ ब्राह्मणात मागची हकिगत येते. तिने अटी घालूनच संसार मांडला होता. तू मला विवस्त्र दिसता कामा नयेस, ही त्यांतली एक. गंधर्वांनी रात्री तिची कोकरं पळवली, हा तसाच उठून धावला, त्यांनी वीज चमकवली आणि संपलं. वर्गातली मुलं कोकरांपर्यंत गंभीर असतात, पुढे आवरत नाहीत.

बेलडँडीची एकही अट नाही. तेच मला खुपतं. हसते, रांधते, गाणं म्हणून मोडकं नीट करते. कधी एक शब्द वाकडा नाही. बाय म्हणते, तुला सगळ्यांत दोषच दिसतात. असेल.

मंगळवार

शाळेतून यायला उशीर. तरी एक भाग झालाच, मांय थांबल्या होत्या.

आता बहिणी आल्यात. थोरली ऊर्द टीव्हीतून बाहेर पडते आणि दारू पिते. धाकटी स्कूल्द पाण्यातून येते आणि आइस्क्रीम खाते. बोलावलं कुणीच नव्हतं, आल्या त्या मुक्कामालाच. बायने खुलासा केला की ही तीन नावं उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स पुराणांतून घेतली आहेत. तिथे ऊर्द, वेरदांदी आणि स्कूल्द या तिघी एका महावृक्षाखालच्या विहिरीशी बसून माणसांचं नशीब ठरवतात. काल, आज, उद्या. वेरदांदीची जपान्यांनी बेलडँडी केली. म्हणजे केइचीच्या घरात "आज" राहायला आली, असं काहीतरी बाय बोलली. मला ते आवडलं, पण तिला सांगितलं नाही.

मांयना पुराणाचं काही वाटलं नाही. "भयणी येतल्योच. भयण खंय रावता तें पळोवपाक नाका?" त्यांच्या लेखी ही सरळ शिरगावच्या लईराई देवीची गोष्ट. सात बहिणी, एक भाऊ. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई. म्हापशाची मिराबाय तर मिलाग्रीस सायबीण (तिथल्या चर्चमधली मेरी माता) झाली, तरी बहीण ती बहीण. शिरगावची मोगरीची फुलं तिला जातात, तिच्याकडून तेल येतं, असं सांगतात. माझ्या माहेरची निम्मी माणसं लईराईची धोंड. व्रत पाळून, हातात वेताची काठी घेऊन पहाटे निखाऱ्यांवरून चालणारी. देवळात देवी कलशाच्या रूपात. तिला चेहराच नाही. सातेरी देवीला तर तोही थाट नाही, गाभाऱ्यात नुसतं वारूळ. या देवींच्या प्रेमात कोण कसं पडणार? त्या आई आहेत. कोपल्या तर भाऊ म्हणून भावाचीही गय न करणाऱ्या.

म्हणूनच केइचीने कितीतरी भागांनंतर, घाम फुटत फुटत, बेलडँडीचा हात धरला तेव्हा बायने उशी छातीशी दाबली आणि मांय करवादल्या, "देवीचो हात धरता? पांय धरपाचे!"

मूळ चित्रकथा म्हणे 1988 साली सुरू झाली आणि 2014 साली लग्न लागून संपली. 48 खंड. सव्वीस वर्षं! आमच्याकडे तेवढ्यात नातवंडं झाली असती.

मंगळवार, मध्यरात्र

झोप नाही.

त्या पोराने वर मागितला, वरच्यांनी मंजूर केला. बेलडँडीला कुणी विचारलं? ती काउंटरवरची बाई. समोरचा काहीतरी बोलला आणि हिची बदली झाली, तीही कायमची. पहिल्या भागात तिच्या तोंडावर क्षणभर भांबावलेपण आहे, मग हसू येतं. मी तो क्षण दोनदा मागे नेऊन बघितला.

माझं लग्न कौलाने ठरलं. स्थळं दोन होती, दोन्ही बरी. बाबांनी कुळदेवीला प्रसाद लावला. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या, उजवी पडली तर फोंड्याचं, डावी पडली तर नाही. मी मागे खांबाला टेकून उभी. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. इतकी झटकन की आईलाच शंका आली. भटजी म्हणाले, देवीची केवढी खुशी बघा. देवीची. मी बी.एड.ला होते, चोवीस वर्षांची. मला खांबाजवळ कुणी काही विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला राग आला नव्हता. दुसऱ्या स्थळाचा मुलगा फार मोठ्याने बोलायचा. पाकळी पडली तेव्हा मी मनात "हं" म्हटलं होतं. तो "हं" कुणाच्या दप्तरी नोंदला नाही, एवढंच.

2005 च्या आधी, 1993-94 मध्ये, या गोष्टीची पाच भागांची छोटी मालिकाही निघाली होती. बायकडे तीही आहे. तिच्या शेवटाकडे बेलडँडीला वर परत बोलावणं येतं आणि तिचा पाय निघत नाही. ते बघताना वाटलं, हां, आता ही बोलली. मंजुरी निघाली तेव्हा नव्हे, परत बोलावलं तेव्हा.

बुधवार

नागपंचमी. पातोळ्या. हळदीची पानं शेजारणीने दिली, आमची यंदा किडीने खाल्ली. पहिला घाणा फुटला, दुसऱ्यापासून नीट.

हे जेवून दुपारी पडवीत बसले होते, ताटलीत तिसरी पातोळी. सहज विचारलं, "तुमच्याकडून प्रसाद लावला होता का हो तेव्हा?"

"लावला होता."

"उजवा?"

पातोळीचं पान सोलणं चाललं होतं. "डावा."

मी बघतच राहिले.

"पाऊस होता. पाकळ्या सगळ्या निथळत होत्या. भटजी म्हणाले, डावा झाला, राहू दे. बाबाही उठले. मी म्हटलं, एवढ्या भिजलेल्या पाकळीचा कसला प्रसाद? पुसून परत लावा."

"आणि?"

"परत लावला." पान बाजूला ठेवलं. "तुला बघायला आलो तेव्हा तू आतून कुणालातरी ओरडत होतीस. मांजराला बहुतेक. दूध सांडलं होतं."

मांजर नव्हतं, भाऊ होता. ते सांगितलं नाही.

आतून मांयनी हाक मारली, पुढचा भाग लाव म्हणून. बायने लावला. केइची मोटारसायकल काढत होता, बेलडँडी बाजूच्या जोडगाडीत बसली, मांडीवर डबा. हे दारात येऊन उभे राहिले, हात पुसत. बराच वेळ बघून म्हणाले, "आपल्या स्कूटरला असली बाजूची गाडी असती तर मार्दोळच्या चढावर तू भिजली नसतीस."

"तेव्हाही भिजलेच असते. छप्पर कुठाय तिला?"

"गप्प रावात गो," मांय म्हणाल्या. "आयकूंक येना."