लांब झग्यातला जंप बॉल

अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेजांचे बास्केटबॉलचे जुने फोटो, साधारण 1890 ते 1910 मधले, मी तासन्‌तास बघत बसते. बहुतेक फोटो टीमचे. कुणी खाली बसलेली, कुणी मैत्रिणीच्या खांद्याला टेकलेली, मधोमध चेंडू आणि त्यावर रंगवलेलं बॅचचं वर्ष. गुडघ्याखाली चुण्या घातलेल्या जाड कापडाच्या ब्लूमर्स, म्हणजे घेरदार विजारी, आणि काळे लांब मोजे. चेहरे गंभीर असले तरी चेंडू ज्या मुलीकडे असतो तिची बोटं बघा. पसरलेली, घट्ट. खेळलेल्या माणसाला ती पकड लगेच ओळखू येते.

यातला माझा सगळ्यात लाडका फोटो मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजच्या जिमचा आहे. सेंडा बेरेन्सन पायघोळ झग्यात उभ्या आहेत आणि खेळाडूंच्या मधोमध चेंडू वर उडवतायत, म्हणजे खेळ सुरू करणारा जंप बॉल.

या बाईंबद्दल मला फार जिव्हाळा आहे. जन्म लिथुआनियातला, लहानपणी कुटुंबाबरोबर बोस्टनला आल्या. प्रकृती इतकी नाजूक, की ती सुधारावी म्हणून 1890 मध्ये व्यायामशिक्षणाच्या शाळेत गेल्या, आणि जानेवारी 1892 मध्ये स्मिथला शिक्षिका झाल्या. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी आदल्याच महिन्यात पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला होता. बेरेन्सनबाईंनी त्याबद्दल वाचलं आणि तो आपल्या मुलींना शिकवायचा असं ठरवलं.

22 मार्च 1893 ला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींची मॅच झाली. पुरुषांना प्रवेश नव्हता. सुरुवातीचा चेंडू उडाला तोच पहिल्या वर्षाच्या कॅप्टनचा खांदा निखळला! तरीही मॅच पूर्ण झाली, आणि दुसऱ्या वर्षाने ती 5-4 अशी जिंकली.

बाईंनी नियम बदलले ते खेळ आडदांड होऊ नये म्हणून. कोर्टाचे तीन भाग, आपला भाग ओलांडायचा नाही. समोरचीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, तीनदाच टप्पा मारायचा. आज हे वाचून अनेकींना राग येतो. मी स्वतः गार्ड खेळले आहे, चेंडू हिसकावणं हे माझं कामच होतं, तेव्हा तो राग मला कळतो. पण धावण्याने मुलींची प्रकृती बिघडते असं डॉक्टरसुद्धा सांगत असत, तो हा काळ. अशा वेळी एखादी मुलगी जबर जखमी झाली असती तर खेळच बंद पडला असता. बाईंनी मुलींना कोर्टावर ठेवलं, हे मला मोठं वाटतं. खरा दोष नंतरच्यांचा. कोर्टाचे भाग पाडून मुलींना अडवणं अमेरिकेतल्या कॉलेजांत थेट 1971 पर्यंत चाललं, आणि त्याला मला कुठलंही कारण पटत नाही.

खेळ चालू असतानाचे फोटो मिळाले तर आधी जमिनीवरच्या रेषा शोधा. मग बास्केट बघा. सुरुवातीच्या बास्केटला खालून तोंड नसायचं, चेंडू आतच राहायचा आणि प्रत्येक वेळी बाहेर काढावा लागायचा. स्कोअर इतके कमी का, याचं एक कारण हेही. 4 एप्रिल 1896 ला स्टॅनफर्डच्या मुलींनी बर्कलीला हरवलं ते 2-1 असं, एकेका बाजूला नऊ जणी खेळून!

बेरेन्सनबाईंना 1985 मध्ये नेस्मिथ यांच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-यादीत, स्थान मिळालं. मी ज्या मुलींना शिकवते त्यांना हे फोटो दाखवतेच. परवा एका सातवीतल्या मुलीने विचारलं, "ताई, एवढ्या घेरात पिव्हट कसा घ्यायच्या?" पिव्हट म्हणजे एक पाय जमिनीवर रोवून वळणं. मी म्हटलं, घेर गुडघ्याखाली बांधलेला आहे बघ, पाय मोकळे आहेत. तिने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "मग जमेल. पण बुटांना ग्रिप आहे का?"