अण्णांची गाठ

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. रात्रीचे साडेदहा.

लाईट आत्ताच आली. तरी अंगणात खाटेवर बसूनच लिहितेय, कारण आतला पंखा नुसती गरम हवा फिरवतोय. दुपारी पारा 45 च्या आसपास होता. पुण्याच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, बाप रे! आमच्या यावल-रावेरकडे याला बाप रे कोणी म्हणत नाही. ऊन आहे, एवढंच म्हणतात.

सकाळी घागर भरली. अण्णांना, माझ्या आजोबांना, जाऊन दीड वर्ष झालं. वर्षश्राद्धानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे पितरांत गणती झाल्यावर त्यांच्या नावाची पहिली घागर. पप्पांनी कुंभाराकडे तीन घागरी बोटानं वाजवून बाजूला ठेवल्या आणि चौथी घेतली. का, विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, शेजारी दोन आंबे. आत्या पहाटेपासून खापरावर मांडे टाकत होती. मग निखाऱ्यावर तूप सोडून पप्पा पितरांच्या नावानं आगारी टाकायला बसले आणि नावं घेताना अडकले. आमच्या घरी ही यादी कायम पणजोबांपासून सुरू व्हायची, कारण आगारी टाकायला अण्णा स्वतः बसलेले असायचे. आज पहिलं नाव त्यांचंच घ्यायचं होतं. पप्पांनी दोनदा घसा खाकरला. धूर झाला होता, असं नंतर म्हणाले.

अण्णा गेले तेव्हा स्टँडवर फ्लेक्स लागला होता. प्रेमळ पती, कर्तव्यदक्ष पिता, लाडके आजोबा. आधारकार्डाचा फोटो मोठा करून लावलेला, त्यात ते एखाद्या गुन्ह्याची कबुली दिल्यासारखे बघत होते. फ्लेक्सवरचा एकही शब्द खोटा नव्हता, आणि अण्णा त्यात कुठेच नव्हते. तेव्हापासून मनात आहे की आपण तरी नीट लिहून ठेवावं.

मायला, म्हणजे माझ्या आजीला, लकवा मारला तेव्हा अण्णा 72 वर्षांचे होते. तोवर या माणसानं पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता. उजवा हात गेल्यावर मायला सगळ्यात जास्त सलत होती ती वेणी. भाकरी काय, सुना करत होत्या. पण आपले केस दुसऱ्या बाईनं विंचरायचे हे तिला पटेना. चौथ्या दिवशी अण्णा फणी घेऊन तिच्या मागे बसले. त्यांना तीन पदरांचं काम एकच येत होतं, बैलाचा दोर वळणं. तसंच वळलं. माय ओरडली, "हळू वढा. माह्य डोकं हाये, बैलाची येसन नाही." अण्णा म्हणाले, "ढिली बांधली तं सुटीन." रिबिनीवर त्यांचा भरवसा नव्हता. केळीच्या खांबाचं वाळलेलं सोपट भिजवून त्याची पट्टी काढायचे आणि तिनं शेंडा बांधायचे. नंतरची सात वर्षं, ताप असला तरी, रोज सकाळी वेणी. हळूहळू हात बसला. भाकरी मात्र शेवटपर्यंत जमली नाही, तिला कायम कुठल्या ना कुठल्या राज्याचा आकार यायचा.

त्या पहिल्या आठवड्यातलीच गोष्ट. पप्पा दारात उभे राहून बघत होते. अण्णांनी शेंड्याला गाठ मारली, दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं, आणि पप्पा एकदम वळून गोठ्याकडे गेले. मला त्याचं कारण पुष्कळ दिवसांनी कळलं. पप्पा जळगावला वसतिगृहात राहून शिकले. तेव्हा गावाकडून डबा एसटीनं जायचा. सकाळी स्टँडवर ड्रायव्हरच्या हवाली करायचा, तिकडे पोरं डब्यांच्या ढिगातून आपापला ओळखून घ्यायची. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी, एरवी जे असेल ते. पप्पांचा डबा सोपटानं बांधलेला असायचा आणि ती गाठ हातानं सुटायची नाही, दातानं ओढावी लागायची. "चार वर्षं मायले शिव्या देत होतो त्या गाठीपायी," पप्पा म्हणाले. त्यातल्या एका मे महिन्यात वादळानं सगळी बाग आडवी केली होती. कापणीला आलेले घड मातीत, भोवतीची शेवरीसुद्धा मोडून पडलेली. त्या दिवशी अण्णा बांधावरून उठले नाहीत, कोणाशी बोलले नाहीत, असं माय सांगते. पप्पांनी तारखा जुळवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा पेपर होता आणि डबा आला होता. गाठ तीच.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर हाही फ्लेक्सच होईल.

आत्याची शाळा दहावीनंतर अण्णांनीच बंद केली. ती पास झाली होती, चांगल्या मार्कांनी. स्थळ आलं, झालं. आणि हेच अण्णा माझ्या अ‍ॅडमिशनला पुण्याला आले, कॉलेजच्या फाटकापाशी धोतर सावरत चार तास उभे राहिले, फॉर्मवर सही कुठे करायची हे तीनदा विचारलं. आत्या नेहमी म्हणते, "तुले जे अण्णा भेटले, ते आमाले नव्हते भेटले." चिडून म्हणत नाही, त्यामुळे जास्त लागतं. एकदा शेतात ठिबकच्या नळ्या गुंडाळताना अण्णांनी मला विचारलं होतं, "तुह्या आत्याले शिकवलं असतं तं काय झाली असती ती?" मी म्हटलं, मास्तरीण. ते "हूं" म्हणाले आणि नळी गुंडाळत राहिले. हे मी आत्याला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. आज सकाळी खापरापाशी सांगितलं. ती हातावरचा मांडा फिरवून मोठा करत होती. तो खापरावर टाकला, कडा सारख्या केल्या आणि म्हणाली, "मास्तरीन? मी कलेक्टर झाली असती." मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मांडा मात्र फाटला नाही.

शेतीतही ते सहजासहजी वळणारे नव्हते. सगळ्यांनी केळीची टिश्यूकल्चरची रोपं लावली तरी अण्णा बसराईचे, जुन्या वाणाचे, कंद सोडेनात. बसराईला वेळ जास्त लागतो, टिश्यूकल्चरची ग्रँड नैन वर्षभरात कापणीला येते, हा हिशोब पप्पांनी कागदावर मांडून दाखवला तेव्हा म्हणाले, "घाई कोनाले हाये?" 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, मी पेपर वाचून दाखवला. "कागद भेटला, बरं झालं. भाव कधी भेटीन?" फैजपूरच्या 1936 च्या काँग्रेस अधिवेशनात आपल्या आजोबांची बैलजोडी होती असंही ते सांगायचे. या भागात हे दर दुसऱ्या घरात सांगतात. सगळ्यांचं खरं मानलं तर फैजपुरात माणसांना उभं राहायला जागा उरली नसती.

आखाजी म्हटली की मला अण्णा दोन कामांत दिसतात. सकाळी सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, जुना हिशोब मिटवून नवं साल ठरवायचं. त्यात घासाघीस नाही, सणाच्या दिवशी आवाज नाही. आणि संध्याकाळी पत्ते. आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळतातच. एरवी पत्त्याच्या अड्ड्याकडे तोंडही न करणारा हा माणूस वर्षातून एक दिवस झन्नामन्ना खेळायला पारावर जायचा. पैसे माय मोजून द्यायची, एक्कावन्न रुपये, उपरण्याच्या टोकाला बांधून. हरले की उठायचं. ते दरवर्षी हरायचे. मायच्या आजारपणानंतर तर अर्ध्या तासात हरून घरी. मुद्दाम हरतात, असं मायचं म्हणणं होतं.

आज दिवे लागल्यावर मायनं पप्पांना हाक मारली. तिचे शब्द अजून अर्धे ओठातच राहतात. डाव्या हातानं उशीखालून पैसे काढले. एक पन्नासची नोट, एक नाणं. "जा."

पप्पांनी आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नाही. मी म्हटलं, माय, त्यांना येत नाही. ती म्हणाली, "त्याहिले तरी कुठी येत होतं?"

पप्पा गेले. आत्या मायची वेणी घालायला बसली. आता तीच घालते, सुट्टीत आली की. मायनं हातानं चाचपून पाहिली आणि "ढिली हाये" म्हणाली. आत्यानं सोडली, पुन्हा घातली. पुन्हा ढिली.

पप्पा दीड तासानं आले. खिशातून नोटा काढून मायच्या मांडीवर ठेवल्या. तीनशे वीस रुपये. चेहरा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा.

मायनं नोटांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बापाचं कायीच नाही घेतलं यानं," म्हणाली आणि पैसे उशीखाली सारले.