तुम्ही विचारलंत म्हणून: तारा फिरतोय हे कळतं कसं?

ताऱ्यांच्या फिरण्यावर काम करते म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे तुम्हाला तो फिरताना दिसतो?" नाही हो. मोठ्या दुर्बिणीतूनही माझे तारे म्हणजे नुसते ठिपके, आणि मी बघते ते एवढंच की ठिपका काल किती उजेड देत होता आणि आज किती देतोय.

माझे तारे म्हणजे लाल बटू, एम ड्वार्फ. सूर्यापेक्षा लहान, थंड आणि इतके मंद की साध्या डोळ्यांना एकही दिसत नाही, पण सूर्याच्या आसपासच्या दर चार ताऱ्यांतले साधारण तीन हेच. आपला सगळ्यात जवळचा प्रॉक्झिमा सेंटॉरीही यातलाच. यांच्यावर सूर्यासारखेच डाग असतात, फक्त पसारा बराच जास्त. डागांची बाजू आपल्याकडे आली की तारा किंचित मंदावतो, पलीकडे गेली की उजळतो, आणि हे ठरावीक दिवसांनी परत परत व्हायला लागलं की तो झाला पिरियड. प्रॉक्झिमाचा साधारण 83 दिवस. काही पठ्ठे मात्र अर्ध्या दिवसात एक फेरी मारून मोकळे!

ऐकायला सोपं वाटतं, पण फरक असतो एखाद्या टक्क्याचा, कधी त्याहून कमी, आणि आपली हवाच रोज त्याहून जास्त खेळ करते. म्हणून फोटोतल्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची, ढग-धूळ आली तर सगळेच मंदावतील. पण शेजारी बहुतेक कमी लाल असतात आणि हवेतली वाफ नेमका रंगपट्ट्याच्या लाल टोकाचा उजेड जास्त खाते, त्यामुळे दमट रात्री माझा तारा उगाचच फिका दिसतो आणि शेजारी ठणठणीत. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवर एमअर्थ नावाचा प्रोजेक्ट 2008 मध्ये सुरू झाला, 40 सेंटिमीटरच्या आठ दुर्बिणी, कामच लाल बटूंचं. त्यांनी मस्त तोड काढली: आठही दुर्बिणी वेगवेगळ्या लाल बटूंकडे बघत असताना सगळेच एकदम मंदावले तर तो दोष हवेचा, तेवढा वजा करायचा. एवढं करून 2016 मध्ये त्यांनी 387 ताऱ्यांचे पिरियड दिले, 0.1 दिवसापासून थेट 140 दिवसांपर्यंत.

लोक म्हणतात आता अंतराळात नासाचं टेस हे दुर्बीणयान आहे की, जमिनीवरून कशाला? टेस भारीच आहे, पण आकाशाच्या एका तुकड्याकडे ते सलग साधारण 27 दिवस बघतं आणि पुढे सरकतं. शंभर दिवसांत एक फेरी मारणारा तारा तेवढ्यात काय दाखवणार, एक तिरकी रेघ. संथ ताऱ्यांना सीझनभर, शक्यतो दोन सीझन, चिकाटीने बघत राहावं लागतं. आणि पिरियड 29 दिवसांच्या जवळपास आला तर मी आधी चंद्रावर संशय घेते, कारण पौर्णिमेच्या उजेडाचाही तोच ठेका.

दुसरी गोम म्हणजे अर्ध्याची. समोरासमोरच्या दोन बाजूंवर डाग असले की एका फेरीत तारा दोनदा मंदावतो आणि कॉम्प्युटर खुशाल निम्मा पिरियड सांगतो. त्यामुळे आकडा आला की त्याची दुप्पट तपासल्याशिवाय मी तरी विश्वास ठेवत नाही.

मग पुढचा प्रश्न, याचा उपयोग काय? तर ग्लीझ 581 घ्या, तूळ राशीतला लाल बटू, 20 प्रकाशवर्षांवर. 2007 मध्ये तिथे 'डी' नावाचा ग्रह जाहीर झाला, नंतर त्याचं वर्ष साधारण 66 दिवसांचं ठरलं, पाणी टिकेल अशा अंतरावर म्हणून भरपूर गाजला. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो, ते डुलणं त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात दिसतं, पण ताऱ्यावरच्या चुंबकीय धुमश्चक्रीमुळेही रंगपट्टा तसाच हलतो. 2014 मध्ये पॉल रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ताऱ्याची स्वतःची फेरी साधारण 130 दिवसांची आहे. आता 130 चे निम्मे करा! त्यावर वाद झाला, उत्तरं-प्रत्युत्तरं झाली, पण माझ्या हिशोबी 'डी' गेला तो गेलाच.

ट्रॅपिस्ट-1 या लाल बटूभोवती तर सात ग्रह खरेच आहेत, तरी ताऱ्याचा पिरियड 2016 मध्ये जमिनीवरच्या मोजमापांवरून 1.4 दिवस सांगितला गेला होता आणि पुढच्याच वर्षी केप्लर दुर्बिणीच्या सलग डेटातून 3.3 निघाला. म्हणून कोणी नवा ग्रह सापडला अशी लिंक पाठवली की मी आधी ताऱ्याचा पिरियड शोधते, आणि तो ग्रहाच्या वर्षाच्या दुप्पट-तिप्पट तर नाही ना ते बघते. कधीकधी पिरियड मुळातच नसतो, कारण ताऱ्याचा अक्ष आपल्याकडेच रोखलेला असतो, मग डाग समोर गोल फिरत राहतात, पलीकडे जातच नाहीत, उजेड तेवढाच. असल्या ताऱ्यापुढे कितीही रात्री घाला, टेबलमधला तो रकाना रिकामाच राहतो.