सोलरचं पहिलं बिल आलं!

छतावर सोलर पॅनल आणि नेट मीटर (ग्रिडकडून, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनमधून घेतलेली आणि तिला दिलेली वीज, दोन्ही मोजणारं मीटर) बसल्यानंतरचं पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आज आलं. स्थिर आकार आणि थोडं किरकोळ, बास! बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता एसी घ्यायला हरकत नाही." (हीच खरी भीती.)

तर हिशोब. ३ किलोवॅटला १,९०,००० गेले, पीएम सूर्यघर योजनेच्या अनुदानाचे ७८,००० खात्यात जमा झाले. चांगलं ऊन असलं की दिवसाला बारा-तेरा युनिट, पावसाळ्यात बरेच कमी. आधी महिन्याला अडीच हजारांच्या आसपास बिल यायचं, म्हणजे चारेक वर्षांत पैसे वसूल. समोरच्या काकूंचा वापर मात्र शंभर युनिटच्या आत. त्यांना सरळ सांगितलं, तुम्ही घाई करू नका. आधीच स्वस्त स्लॅबमधली वीज वाचवून कितीसं सुटणार?

आणि हो, दुपारी लाइट गेली तेव्हा बाहेर रणरणतं ऊन असून आमचा पंखा बंदच. बॅटरी नसेल तर ग्रिडबरोबर सोलरही बंद पडतं, खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. सोलर विकणारे हे आपणहून फारसं बोलत नाहीत.

पॅनल धुवायची ड्यूटी अर्थात माझी. तीही सकाळी लवकर, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही.