तुम्ही विचारलंत म्हणून : वेडाचं सर्टिफिकेट आणलं की खून माफ?

फौजदारी वकिली करते म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर हा प्रश्न ठरलेला. ‘काय हो मॅडम, वेडाचं सर्टिफिकेट आणलं की खून माफ, असंच असतं ना?’ विचारणाऱ्याने बहुधा त्याच सकाळी एखादी बातमी वाचलेली असते आणि बातमीच्या शेवटी एक ओळ असते : आरोपीवर मानसोपचार सुरू होते. त्या एका ओळीवरून एकाला वाटतं, हा आता सुटणार. दुसऱ्याला वाटतं, गोळ्या घेणारी माणसं अशीच असतात. दोघंही चुकतात.

भारतीय दंड संहितेचं कलम ८४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२, आजाराचं नाव विचारतच नाही. ते विचारतं की कृत्य करताना, त्या वेळी, मन विकल असल्यामुळे या माणसाला आपण काय करतोय हे कळत नव्हतं का? किंवा करतोय ते चूक आहे वा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं का? आदल्या महिन्यात तो कसा होता आणि आज कोर्टात कसा दिसतो, हे त्या वेळेबद्दल काही सांगत असेल तेवढंच कामाचं. ही कसोटी इंग्लंडातली. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली, ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं, लोक खवळले आणि त्या गदारोळातून न्यायाधीशांनी नियम बांधले. म्हणजे तुमचा पंगतीतला प्रश्न लंडनमध्ये तेव्हाच विचारून झाला आहे.

हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं. सरकार पक्षाएवढा भक्कम पुरावा त्याला द्यावा लागत नाही, दिवाणी दाव्यासारखं ‘हेच जास्त संभवतं’ एवढं दाखवलं की पुरतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६४ मध्येच स्पष्ट केलं आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात ‘संभवतं’ हे कशावरून दाखवायचं?

दोन निकाल शेजारी ठेवून बघा. दोन्ही महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले. १९७२ च्या निकालात एकाने बायको आणि मूल मारलं होतं. हेतू सापडला नाही, लोकांनी दार फोडलं तरी तो पळाला नाही. न्यायालय म्हणालं, हेतू नसणं आणि न पळणं यावरून माणूस वेडा ठरत नाही. शिक्षा कायम. २००२ च्या निकालात एका पोलीस शिपायाने बायकोच्या डोक्यात पाटा-वरवंट्याचा दगड घातला होता. भरदिवसा. हेतू क्षुल्लक, लपण्या-पळण्याचा प्रयत्न नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी ठरवलेला हा माणूस सर्वोच्च न्यायालयात निर्दोष सुटला.

मग फरक कशात होता? शिपायाच्या वडिलांनाही मानसिक आजार होता. त्याचे स्वतःचे १९९२ पासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असे भास-भ्रम होणाऱ्या मनोविकाराचे, उपचार चालू होते. खून एप्रिल १९९४ चा, आणि त्यानंतर जून ते डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात नेल्याची नोंद होती. म्हणजे आधीचा कागद, नंतरचा कागद आणि मधल्या दिवशीचं न पळणं, अशी साखळी जुळली. न पळणं दोन्हीकडे होतं, पण एकाच्या मागे केसपेपर उभे होते.

आता हे केसपेपर कुणाकडे असतात ते सांगते. सरकारी नोकराकडे असतात, शहरात राहणाऱ्याकडे असतात, पाठपुरावा करणारा एखादा भाऊ असतो त्याच्याकडे असतात. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यातल्या शेतमजुराचा मुलगा भिंतीशी बोलायला लागला, तर त्याला आधी देवऋषाकडे नेतात, मग दर्ग्यावर, मग एखाद्या देवस्थानी. तिथे कुणी तारखेनिशी नोंद करत नाही. मग साक्षीदार म्हणून आई उभी राहते, ‘साहेब, त्याला लागीर झालं होतं’ म्हणते, आणि सरकारी वकील विचारतात, ‘एखादा कागद आहे का?’

गोळ्यांचं तर आणखी विचित्र. त्या चालू असतील तर म्हणतात, मग आजार आटोक्यात होता, कळत होतं त्याला. बंद केल्या असतील तर म्हणतात, स्वतःच बंद केल्या ना, भोगू दे आता. हा दुसरा युक्तिवाद मला फार खटकतो. त्या वेळची अवस्था कशामुळे आली, गोळ्या का सुटल्या, हे कलमात कुठेही विचारलेलं नाही. शिवाय स्किझोफ्रेनियात ‘मला काही झालेलंच नाही’ हे वाटणं पुष्कळदा आजाराचाच भाग असतं. वर हात थरथरतात, अंग जड होतं, वजन वाढतं, दिवसभर झापड येते. ज्याला आपण आजारीच नाही असं वाटतं, त्याने हे सगळं का सोसावं? (दारूबरोबर झोपेच्या गोळ्या खाऊन केलेला गुन्हा यात येत नाही. स्वतःहून केलेल्या नशेची कलमं वेगळी आणि बरीच कडक आहेत.)

आणि अटकेनंतर गोळ्या सुरू होतात. व्हायलाच हव्यात. आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नसेल तर खटला थांबवून त्याच्यावर उपचार करायचे, असा कायदाच आहे. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, दाढी केलेला, शांत, ‘होय साहेब, नाही साहेब’ म्हणणारा माणूस न्यायाधीशांसमोर येतो. त्याच्याकडे बघून कुणाला वाटेल की कधीकाळी याला आपल्या जेवणात रोज कुणीतरी विष कालवतंय असं दिसत होतं? औषधाने माणूस जेवढा बरा, तेवढा माझा बचाव लंगडा. असा एक अशील मला कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाला होता, ‘बाई, आता मला सगळं आठवतंय. गोळ्या बंद केल्या तर बरं होईल का?’ त्याचं उत्तर मला झटकन देता आलं नाही.

रमण राघवचं नाव कुणीतरी काढतंच, म्हणून तेही सांगून टाकते. मुंबईत एकामागून एक खून करणारा, १९६८ मध्ये पकडलेला. फाशीची शिक्षा सुनावली गेली. नंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने अनेक बैठकांत त्याची तपासणी केली आणि जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं. त्याच्या लेखी दोन जगं होती, एक हे आणि एक ‘कानून’चं. एवढा आजार तज्ज्ञांनी लिहून दिला तरी तो सुटला नाही. फाशीची जन्मठेप झाली, १९९५ मध्ये तो पुण्यात वारला. तेव्हा सर्टिफिकेट म्हणजे दार उघडायची किल्ली नव्हे.

मला स्वतःला जास्त बोचतो तो एक वेगळा प्रकार. बाई लेकरांना घेऊन विहिरीत उडी टाकते. लेकरं जातात, ती वाचते. १९५३ मध्ये मध्य भारत उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. तो खूनच ठरला. ती मनाने खचलेली असते, पण पाणी म्हणजे मरण हे तिला कळत असतं, म्हणून कलम ८४ च्या दारातून तिला आत घेता येत नाही. खुनाला शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप. मधलं काही नाही. त्या न्यायालयाने शिक्षा कमी करावी म्हणून सरकारकडे शिफारस केली, यावरून न्यायाधीशांनाही ते जड गेलं असावं. विचार हरवणं कायद्याला समजतं. विचार शाबूत ठेवून जगण्याची इच्छाच खाऊन टाकणारं नैराश्य त्याच्या मापात बसत नाही.

आणि ‘सुटतो’ म्हणजे काय, तेही ऐका. कलम लागू झालं तर निकालात लिहावं लागतं की कृत्य याने केलं की नाही. केलं असेल तर माणूस थेट घरी जात नाही. त्याला सुरक्षित ताब्यात, म्हणजे बहुधा मनोरुग्णालयात ठेवतात, किंवा नातेवाईक हमी देणार असेल तर त्याच्याकडे सोपवतात. अशा प्रकरणांत मेलेला माणूस बरेचदा घरातलाच असतो. फिर्याद भावाची, साक्ष वहिनीची. हमी कोण देणार? आसामात १९५१ मध्ये पकडलेला आणि मनोरुग्णालयात पाठवलेला एक माणूस २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर बाहेर आला. चोपन्न वर्षं, आणि खटला कधी चाललाच नाही. खुनाची जन्मठेपही बहुधा इतकी लांबत नाही.

हा प्रश्न आणखी एक प्रकारची माणसंही विचारतात, पण पंगतीत नाही. सगळे गेल्यावर, आवाज खाली आणून. ‘आमच्या धाकट्याच्या गोळ्या चालू आहेत. उद्या त्याच्या हातून काही झालं तर?’ त्यांना मी आधी सांगते की गोळ्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातून असलं काहीही होत नाही. मग सांगते, केसपेपर फेकू नका, प्रत्येक भेटीची तारीख लिहून घ्या, गोळ्या सुटल्या तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट. आणि घरात कुणाला धोका वाटला तर पोलिसांना बोलवायला लाजू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे, त्यासाठी गुन्हा घडावा लागत नाही. ठाण्यात हे माहीत नसेल तर कलम १०० म्हणून सांगा, तेवढं पाठ करून ठेवा.