जनरेटरवरचा हॅमंड

हॅमंड कंपनीचे जुने, विजेवर चालणारे ऑर्गन दुरुस्त करणे आणि कार्यक्रमांना भाड्याने पुरवणे हा न्यू जर्सीतला माझा व्यवसाय. गेल्या उन्हाळ्यात एका छोट्या गावाच्या उद्यानात झालेल्या ऑर्गन ट्रिओच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण मी अजून अधूनमधून लावतो, आणि तिच्या पूर्वार्धाला चांगले म्हणावे की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

या ट्रिओत ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स एवढेच असते. बेस वाजवायला वेगळा माणूस नसतो. ते काम ऑर्गनवादकाचा डावा हात करतो आणि डावा पाय पेडलांवर हलके ठोके देऊन त्या स्वरांना धार आणतो. जिमी स्मिथ, शर्ली स्कॉट, जिमी मॅकग्रिफ ही जॅझमधली नामवंत ऑर्गनवादक मंडळी फिलाडेल्फिया आणि तिच्या आसपासची. त्या दिवशीचे तिघेही त्याच पट्ट्यातले होते आणि तिघांनीही सत्तरी केव्हाच ओलांडली होती. साउंडचेकला ते वेळेआधी आले, दहा मिनिटांत उरकून सावलीत जाऊन बसले. तरुण वादक याच कामाला तासभर घेतात आणि तरीही असमाधानी राहतात.

माझा बी-३ जातीचा हॅमंड पेडल आणि बाकासह दोनशे किलोंच्या घरात जातो. त्याच्या पोटात ९१ दातेरी लोखंडी चकत्या एकाच मोटरवर फिरतात आणि प्रत्येक चकती चुंबकापुढून जाताना आपला स्वर निर्माण करते. तो सुरू करण्याचीही एक रीत आहे: ‘स्टार्ट’चा खटका सुमारे आठ सेकंद धरून ठेवायचा, तो न सोडता ‘रन’चा खटका चढवायचा, आणखी थोडे थांबून मगच पहिला सोडायचा. वर्षातून एकदा तेल घातले की हे यंत्र माणसापेक्षा जास्त टिकते. मात्र त्याची मोटर विजेच्या वारंवारतेला बांधलेली असते. अमेरिकेत ६० हर्ट्झ आहेत, म्हणून येथे तो सुरात असतो. हाच ऑर्गन मुंबईच्या ५० हर्ट्झवर चालवला, तर षड्जापासून कोमल गंधाराचे जेवढे अंतर, तेवढा तो सगळाच्या सगळा खाली बोलेल. त्याला सुरात लावण्याची खुंटी कुठेही नाही. म्हणूनच, मैदानावर कार्यक्रम असेल तर ऑर्गनला इन्व्हर्टर जातीचा, म्हणजे भार बदलला तरी हर्ट्झ स्थिर ठेवणारा, स्वतंत्र जनरेटर द्यावा, ही अट मी ठळक अक्षरांत लिहून देतो. आयोजकांनी फलकांवर, फुग्यांवर सढळ हाताने खर्च केला होता आणि जनरेटर मात्र सर्वांना मिळून एकच, जुन्या पद्धतीचा आणला होता. भार वाढला की अशा जनरेटरचे इंजिन किंचित मंदावते आणि त्याबरोबर हर्ट्झ उतरतात.

दुपारी मल्टिमीटर ६०.४ दाखवत होता. गिटारवादकांनी ऑर्गनचा स्वर घेऊन तारा जुळवल्या. संध्याकाळी खाद्यपदार्थांचे ठेले लागले आणि त्यांतल्या एकाने विजेवर चालणारी तळणी आमच्याच जनरेटरला जोडली. पहिल्या ब्लूजच्या मध्यावर आकडा ५९.१ वर आला, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त उतार. दोन-तीन मिनिटांनी तो पुन्हा चढला आणि परत घसरला. ठेलेवाल्याला विनवले, तर त्याने भाड्याची पावती दाखवली. आयोजकांच्या माणसाने ‘काही फरक पडत नाही’ असे ऐकवले, आणि श्रोत्यांकडे पाहता त्याचे खरेही होते.

या दुखण्याचा गमतीचा भाग असा की बेस, स्वरमेळ आणि मुख्य धून हे सारे एकाच यंत्रातून येत असल्यामुळे ते एकत्रच उतरते आणि आपापसांत अगदी सुरात राहते. ड्रम्सना याचे सोयरसुतक नसते. उघडा पडतो तो एकटा गिटारवादक. ऑर्गनचा आवाज ज्यातून बाहेर पडतो त्या लेस्ली नावाच्या स्पीकरच्या वरच्या फिरत्या कर्ण्याला दोन आणि खालच्या ढोलाला एक असे माइक लावून मी मिक्सरपाशी बसलो होतो, आणि आता काहीतरी कानाला बोचणार म्हणून श्वास रोखून ऐकत होतो. काहीही बोचले नाही.

मध्यंतरात मी गाडीतला माझा छोटा इन्व्हर्टर जनरेटर काढून ऑर्गन आणि लेस्ली त्यावर घेतले. या दोघांना लागणारी वीज तशी नगण्यच असते. आकडा ६० वर खिळला, गिटार पुन्हा जुळवली गेली आणि उत्तरार्ध निर्वेध पार पडला.

सामान भरताना मी गिटारवादकांना म्हटले, “पहिल्या भागात तुम्हाला फार त्रास झाला असेल.” ते हसले. “तो पोरगा बटाटे टाकायचा तेव्हा स्वर खाली यायचा. मी त्याच्या झाऱ्यावरच डोळा ठेवून होतो.” ते सारखे ठेल्याकडे का पाहत होते, याचा उलगडा मला तेव्हा झाला, मी समजत होतो, त्यांना भूक लागली आहे.

घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकले. बटाटे पडत तेव्हा त्यांनी लांब स्वर आणि मोकळ्या तारा टाळल्या होत्या. तुटक, आखूड वाक्ये, आणि तीही स्वर दाबून, ओढून, ऑर्गनच्या आसपास नेऊन सोडलेली. आकडा चढला की भरघोस कॉर्ड परत येत. पंचाहत्तरीच्या माणसाने एका झाऱ्यावर नजर ठेवून हे सारे तिथल्या तिथे रचले होते. उत्तरार्धात सूर निर्दोष आहे, वाजवणेही उत्तम आहे, पण पूर्वार्धातल्या त्या ब्लूजइतके रसरशीत त्यात काहीच नाही, आणि हे मान्य करताना माझ्यातल्या तंत्रज्ञाला चांगलेच जड जाते. अडचणीतून कला फुलते वगैरे मी मानत नाही. त्यांना दुपारपासून स्थिर वीज मिळाली असती, तर त्यांनी काय वाजवले असते हे कोणालाच ठाऊक नाही.

पुढच्या हंगामाच्या जाहिरातीसाठी आयोजकांनी नेमका तोच ब्लूज मागितला आहे. तो मी पाठवला. सोबत जनरेटरची अट नव्याने लिहिली आणि या खेपेस तिच्यात तळणीचा स्पष्ट उल्लेख केला.