नाळ, सोंड, पदर म्हणजे काय हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘सोंडेने पदरात उतरलो आणि नाळेने वर आलो’ असं लिहिलं की ही कुठली भाषा, असं कुणीतरी हमखास विचारतं. भाषा सह्याद्रीतल्या गावकऱ्यांची. आम्ही ट्रेकवाल्यांनी ती उचलली.

सोंड म्हणजे डोंगरातून खाली उतरत गेलेली धार, पाण्याची नव्हे, डोंगराचाच अरुंद कणा. काही ठिकाणी तिलाच दांड म्हणतात. दोन्ही बाजूंना उतार, त्यामुळे ऊन-वारा भरपूर, पण पावसाळ्यात पाण्याचा लोंढा अंगावर येत नाही. नाळ नेमकी उलटी. कड्याला पडलेली उभी चीर, दोन्हीकडे कातळभिंती आणि पायाखाली वरून घरंगळत आलेले धोंडे. बेलपाड्यातून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट अशीच. सावली झकास, पण पुढच्याच्या पायाखालचा दगड सुटला की थेट मागच्याकडे येतो, आणि बाजूला व्हायला जागा नसते. पावसाळ्यात तर तिचा ओढाच होतो. म्हणून कुणी ‘नाळेने जाऊ’ म्हणालं की मी आधी महिना विचारतो.

पदर समजायला थोडं खडकात शिरावं लागतं. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून घडला. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून मध्येच आडवी पट्टी तयार होते. तो पदर. तिथे माती टिकते, म्हणून झाडी दाट आणि वाट चुकायची भीतीही तिथेच जास्त. भीमाशंकरजवळच्या पदरगडाच्या नावातही तो आहेच.

‘घाट’ मात्र गाडीवाल्यांनी बिघडवला. आता घाट म्हणजे वळणं आणि उलट्या! मुळात कोकणातून देशावर चढणारी वाट म्हणजे घाट. नाणेघाटाने तर सातवाहनांच्या काळापासून व्यापार चालायचा. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटांपैकी गणपतीचं देऊळ लागतं तो गणेश घाट, शिड्या लागतात तो शिडी घाट. वयस्कर मंडळींना कुठून न्यायचं हे नावावरूनच ठरतं.

नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे, रतनगडाच्या माथ्यावरही.

आणि नकाशात न सापडणारी एक, ढोरवाट. चांगली मळलेली दिसते आणि तिथेच फसवते. गुरं पाण्याकडे नाहीतर चरायला जातात, ती वाट गावात उतरेलच असं नाही. शेण दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. एका वाटेच्या चार वाटा व्हायला लागल्या की सरळ मागे फिरा.